तीनशे सात, लाईनवर

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या सहाव्या मजल्यावर चार पांढरी अंडी होती आणि ती सांभाळायला एक बाई होत्या. अंडी म्हणजे पॉड. दारावरच्या पाटीवर 'स्वास्थ्य कक्ष' असं लिहिलं होतं, एच.आर.वाले 'वेलनेस पॉड' म्हणायचे. पण माणूस आत शिरून, झाकण ओढून घेऊन, पाय पोटाशी घेऊन पडायचा म्हटल्यावर लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवून टाकलं. "जरा अंड्यात जाऊन येतो," असं सांगून माणसं वर यायची. बाईंना बघून कोणीतरी हमखास विचारायचं, "काय बाई, आज किती उबवली?" बाई हसायच्या. पहिल्या आठवड्यात मनापासून, पुढे सवयीनं.

काम तसं सोपं. आलेल्या माणसाचं कार्ड यंत्राला लावायचं, मोबाईल काढून ट्रेमध्ये ठेवायचा, उशीवरचा कागद बदलायचा, डोळ्यांवर बांधायची पट्टी द्यायची, झाकण लागलं की वीस मिनिटं लावायची. आत निळा दिवा लागायचा, पाणी वाहिल्याचा आवाज यायचा आणि कुठलीशी मुलगी फार समजूतदार सुरात "आता खांदे सैल सोडा" म्हणून सांगायची. वीस मिनिटं झाली की दिवा हिरवा. तरीही कोणी उठलं नाही तर बाईंनी झाकणावर दोन बोटांनी टकटक करायची. एका मिनिटाचीही वाढ कोणाला नाही, मग तो मोठा साहेब का असेना. त्यात बाई भारी कडक. प्रत्येक पॉडमध्ये एक लाल बटण होतं. आतल्या माणसाचा जीव घाबरला तर त्यानं ते दाबायचं, की बाईंच्या टेबलावरच्या फोनवर त्याच्याशी बोलता यायचं. बावीस महिन्यांत ते एकदाच वाजलं होतं, तेही एकाला ते दिव्याचं बटण वाटलं म्हणून.

आणि सगळ्यांत मोठा नियम समोरच्या भिंतीवर, हातभर लांब अक्षरांत: खोलीत बोलायचं नाही. फारच अडलं तर कुजबुजायचं.

आता हा नियम कोणाच्या नशिबी यावा? जिनं जन्मभर बोलण्याचंच काम केलं तिच्या. बाई सव्वीस वर्षं त्याच कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे बोर्डासमोर बसून त्या सबंध कंपनीला एकमेकांशी जोडून द्यायच्या. लोकांनी त्यांचं नाव 'हॅलोबाई' पाडलं ते तेव्हाच. सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर निघायचं, डबा बोर्डासमोरच खायचा, कारण लाईन सोडून उठता यायचं नाही. त्यामुळे झालं असं, की हॅलोबाईंना सगळे माहीत आणि कोणाचाच चेहरा माहीत नाही. माणसं त्यांच्या लेखी नंबर होती. दोनशे चौदा, म्हणजे सर्दीनं कायम नाक चोंदलेला. एकशे बारा, म्हणजे हिशोब खात्यातला तो चिरक्या आवाजाचा, फोन उचलायला क्षणभर उशीर झाला की "झोपलात काय तिकडे?" म्हणून खेकसणारा. आणि तीनशे सात.

तीनशे सात हा रवानगी विभागाचा नंबर. तो विभाग आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदामात होता. तिथे सहा माणसांत मिळून एकच फोन. पण रोज दुपारी साडेबाराला त्यावरून बोलायचा तो एकच माणूस. जाडसर, किंचित घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. "ऑपरेटर, घरी जोडा." बाई म्हणायच्या, "जोडते हं. लाईनवर राहा." मग घरी रिंग जायची. बायको काही लवकर फोन उचलायची नाही. सात रिंगा, आठ रिंगा. बाई म्हणायच्या, "कोणी उचलत नाही." तो म्हणायचा, "थांबा हो, हात पुसत येतेय." आणि खरंच, आठव्या रिंगेला पलीकडून "हॅलो" यायचं. बाई बाजूला व्हायच्या. वर्षानुवर्षं रोजचं एवढंच बोलणं. एवढ्यावरही माणसाचा जीव जडतो, हे कोणी बाईंना आधी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

बाईंचं लग्न राहून गेलं होतं. घरी त्या आणि आई. आई गेली आणि चौथ्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या, कारण घर खायला उठत होतं. सकाळपासून शंभरेक फोन जोडले. कोणाला काही कळलं नाही, आणि कळावं अशी बाईंची अपेक्षाही नव्हती. बोर्डावरच्या बाईला आई असते हे कोणाच्या ध्यानात येणार? साडेबाराला तीनशे सातचा दिवा लागला. "घरी जोडा" म्हणायचं सोडून तो म्हणाला, "ऑपरेटर, आवाज बसलाय तुमचा. काय झालं?"

"आई गेली," बाई म्हणाल्या.

त्यावर तो हळहळला नाही, की देवाच्या मर्जीचं काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, "बोलू नका काही. मी लाईनवर आहे." आणि राहिला. बोर्डावर दुसरे दिवे लागत होते, विझत होते, एकशे बारा तर नक्कीच खेकसत असणार. बाई हेडफोन कानाला लावून रडल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदा. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मग त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "जोडते हं."

आभार मानायचे राहिले. उद्या मानू, उद्या मानू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली, आणि मग बोर्डच गेला. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आल्यावर जोडून देणारी बाई हवी कोणाला? त्याच सुमारास रवानगी विभागही मोडला, सहा माणसं सहा खात्यांत पांगली, नंबर रद्द झाले. बाईंना तीन वर्षं टपालात बसवलं आणि पुढे सहाव्या मजल्यावर अंड्यांपाशी.

या महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं. यापुढे माणसानं मोबाईलवर वेळ घ्यायची, कार्ड लावलं की झाकण उघडणार, वेळ संपली की आतली खुर्ची आपणहून माणसाला उठवून बसवणार. त्याचं बाईंना फार काही वाटलं नाही. यंत्रानं जागा घेतल्याचा त्यांना सराव होता. मनात एकच गोष्ट रुतून बसली होती: इमारतीतून बाहेर पडण्याआधी तीनशे सातला एकदा सांगायचं. तुम्ही त्या दिवशी थांबलात, म्हणून. बस, एवढंच. एकतीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर निदान एका माणसाला तरी आपण कोण ते कळावं, असं वाटण्यात चूक काय?

पण ओळखायचं कसं? चेहरा कधी पाहिला नाही, आणि खोलीत बोलायला बंदी. कुजबुजीला आवाज नसतो, हे बाईंना इथे आल्यावर कळलं. मोठ्यानं बोलताना माणसं शंभर तऱ्हांची असतात. कुजबुजायला लागली की सगळी एकाच साच्यातली. ज्या कानांनी नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखला असता, त्या कानांना आता ओळखायला काहीच उरलं नव्हतं. खात्याखात्यांत जाऊन चौकशी करावी, तर विचारणार काय? "तुमच्याकडे घोगऱ्या आवाजाचं कोणी आहे का हो?" लोकांनी तोंडावर पदर धरून नाही, पण फाईल धरून नक्की हसू दाबलं असतं.

त्या कुजबुजीनं घरही सोडलं नाही. रविवारी भावाची मुलगी फोन करायची आणि दुसऱ्याच वाक्याला वैतागायची, "आत्या, किती हळू बोलतेस गं! काही म्हणजे काही ऐकू येत नाही." बाई घसा खाकरून मोठ्यानं बोलायला बघायच्या, पण आवाज घशातच अडायचा. मग भाची "बरं, ठेवते, काळजी घे" म्हणायची. फोन ठेवल्यावर सोमवार सकाळपर्यंत बाईंशी बोलणारं दुसरं कोणी नसायचं.

अशात त्यांना तो सापडला. निदान त्यांना तसं वाटलं. उंच, पांढऱ्या केसांचा, इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ. रोज ठीक साडेबाराला यायचा. साडेबाराला! चष्म्याची घडी घालून टेबलावर ठेवायचा, मान किंचित झुकवायचा आणि तीन नंबरच्या पॉडमध्ये शिरायचा. आवाज असा असेल तर माणूस असाच असणार, असं बाईंच्या मनानं घेतलं. मग काय, तीन नंबरला राजेशाही थाट. तिथला गार वारा बाई आधीच बेतशीर करून ठेवायच्या, उशीला दोन कागद, पट्टी अगदी नवी कोरी. मनातल्या मनात वाक्य जुळवायच्या. 'तुम्हाला आठवत नसेल, पण...' असं सुरू करावं, की सरळ 'तीनशे सात ना?' म्हणावं? नऊ महिने त्या वाक्याला पॉलिश करत राहिल्या आणि ते एकदाही ओठांबाहेर पडलं नाही. नियम होता ना, बोलायचं नाही!

त्याच वेळेला एक नंबरमध्ये दुसरा एक जण यायचा. बुटका, जाडा, जिना चढून धापा टाकणारा. मनगटावर शाईचे डाग, खिशात चुरा झालेली बिस्किटं. हा बाईंच्या डोक्यात जायचा. मोबाईल ट्रेमध्ये ठेवायचा खरा, पण दुसरा खिशात दडवून आत न्यायचा. झाकण लागलं, की त्या शहाण्या मुलीला बंद करायचा आणि थोड्या वेळानं आतून बारीक आवाज यायचा. टेलिफोनच्या बाबतीत हॅलोबाईंच्या कानांना कोण फसवणार? पलीकडे रिंग जात असायची. जात राहायची. कोणी उचलायचं नाही. आपोआप तुटली की हा पुन्हा लावायचा. 'समोरचा उचलत नाही तर सोडून द्यावं ना माणसानं,' बाई मनात चरफडायच्या. शेजारी तीन नंबरमध्ये आपला माणूस विसावलाय, आणि या गृहस्थाला त्याचं काही सोयरसुतक नाही. दोनदा त्यांनी त्याला कुजबुजत समज दिली. त्यानं दोन्ही वेळा खाली बघत मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग बाईंनी लेखी तक्रार केली. एच.आर.मधल्या मुलीला फार आनंद झाला. त्या छापील अर्जावर पहिल्यांदाच कोणी काही लिहिलं होतं. जाड्याचं कार्ड तीन महिने बंद झालं. खोली शांत झाली, आणि बाईंना आपण तीनशे सातसाठी निदान काहीतरी केल्याचं समाधान लाभलं.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना तीन नंबरच्या गृहस्थाचा मोबाईल ट्रेमध्ये थरथरू लागला. वेळ संपतच आली होती. त्यानं झाकण उघडून हात पुढे केला, बाईंनी फोन दिला, आणि तो नियमबियम विसरून मोठ्यानं ओरडला, "सकाळपासून तीनदा सांगितलं! झोपलात काय तिकडे?"

चिरका, नाकातून येणारा, कानात सुई घुसवणारा आवाज. एकशे बारा.

नऊ महिने बाईंनी एकशे बाराची उशी फुगवली होती. त्यांना हसू आलं. तो गेल्यावर त्या उशीचा कागद बदलायचंही विसरल्या. त्या दिवसापासून त्यांनी शोध सोडला. असेल कुठेतरी, नसेल तर नसेल. कंपनी सोडून गेला असेल, किंवा जगही. मनातलं ते घासूनपुसून ठेवलेलं वाक्य मनातच ठेवायचं, आणखी काय!

शेवटचा दिवस उजाडला. एच.आर.मधल्या मुलीनं सकाळीच फुलं आणि एक शुभेच्छापत्र आणून दिलं. पाकिटावर नावाच्या जागी 'स्वास्थ्य कक्ष, सहावा मजला' असं होतं. "बाई, तुमचं खरं नाव कोणाला सापडेना," ती लाजत कुजबुजली. बाई म्हणाल्या, "असू दे गं, पोचलं ना." दुपारी खाली कँटीनमध्ये कोणत्या तरी नव्या पंपाचा सोहळा होता, मोठे साहेब बोलणार होते, सगळे तिकडे गेले. चारही पॉड रिकामे. बाई आपली पिशवी आवरत बसल्या.

साडेबाराला दार उघडलं. जाड्या. धापा टाकत आला, यंत्राला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. खोलीत दुसरं कोणी नाही, आणि माणसाचा धीरही सुटला असावा. तो चक्क मोठ्यानं बोलला.

"बाई, आजच्या दिवस सोडा ना आत. खाली बसायला जागा नाही कुठे. जिन्यात उभं राहून नाही हो होत ते."

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. जाडसर, किंचित घोगरा, शेवटी खाली बसणारा.

"तीनशे सात?" त्या म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत. सव्वीस वर्षांचा तो बोर्डावरचा आवाज कुठे दडी मारून बसला होता कोण जाणे, तो जसाच्या तसा बाहेर आला.

जाड्या बघतच राहिला. "ऑपरेटर? तुम्ही?" मग कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, रोज समोर दिसायचात की!"

"तुम्हीसुद्धा."

बाईंचं ते नऊ महिने पॉलिश केलेलं वाक्य ऐन वेळी पार विस्कटलं. "आई गेली तेव्हा तुम्ही थांबला होतात," त्या कशाबशा म्हणाल्या. "फोनवर. म्हणालात, बोलू नका काही. तुमचे आभार मानायचे होते."

तो आठवायला लागला. खूप आठवून पाहिलं बिचाऱ्यानं. "मी म्हणालो होतो?" त्यानं विचारलं. "खरं सांगू, नाही आठवत मला."

बाईंना लागलं. अकरा वर्षं जे जपून ठेवलं, ते ज्यानं दिलं त्याच्यापाशी नव्हतंच. पण त्याच्या मनगटावरचे शाईचे डाग, घामेजलेली कॉलर, हातात घट्ट धरलेला तो दुसरा मोबाईल त्यांना दिसला, आणि स्वतःबद्दल वाईट वाटून घेणं त्यांनी जरा बाजूला ठेवलं.

"तुमची तक्रार मीच केली होती," त्या म्हणाल्या.

"नियम होता तसा," तो म्हणाला.

"कोणाला लावता एवढा फोन?"

"घरी." तो मोबाईलकडे बघत राहिला. "ही गेली, दोन वर्षं झाली. घरचा जुना फोन अजून चालू ठेवलाय मी. साडेबाराला लावतो. घरात कोणी नाही, मला काय कळत नाही होय? पण रिंग वाजतेय तोवर वाटतं, हात पुसत येतेय."

बाईंनी स्वतःचं कार्ड काढून यंत्राला लावलं. हिरवा दिवा लागला. तीन नंबरचं झाकण उघडलं, उशीवर नवा कागद घातला, एकावर एक दोन. "या," त्या म्हणाल्या. तो आत शिरला. मोबाईल ट्रेमध्ये ठेवायला म्हणून त्यानं सवयीनं पुढे केला, बाईंनी तो त्याच्याच हातात परत दिला. पाण्याचा आवाज आणि ती समजूतदार मुलगी त्यांनी बाहेरूनच बंद केली. "झाकण लागलं की लाल बटण दाबा," त्यांनी सांगितलं, "आणि मोबाईल स्पीकरवर ठेवा."

झाकण लागलं. बाई टेबलाशी येऊन बसल्या. फोन वाजला, तो उचलून त्यांनी कानाला लावला; कोणाला तरी जोडून देण्यासाठी, पाच वर्षांनी प्रथमच.

"ऑपरेटर," पलीकडून आवाज आला, "घरी जोडा."

"जोडते हं. लाईनवर राहा."

त्याच्या मोबाईलवरून रिंग जाऊ लागली. बाईंना ती फोनमधून स्पष्ट ऐकू येत होती. एक. दोन. कुठल्यातरी बंद घरात, रिकाम्या स्वयंपाकघराच्या बाहेर तो फोन वाजत असणार. पाच. सहा. बाईंनी डोळे मिटले. सात. आठ. पलीकडून "हॅलो" आलं नाही. नवव्या रिंगेला त्यांना त्याचा श्वास अडकलेला ऐकू आला, आणि मग त्याचं रडणं, तोंडावर हात दाबून धरलेलं.

"बोलू नका काही," बाई म्हणाल्या. "मी लाईनवर आहे."

रिंग आपोआप तुटली. त्यानं पुन्हा लावली नाही. दोन्हीकडून कोणीच काही बोललं नाही. वीस मिनिटं झाली, दिवा हिरवा झाला, तेव्हा बाईंनी फोन कानाशीच धरून दुसऱ्या हातानं पुन्हा वीस मिनिटं लावली.